विहिरीचा प्रश्न

"विहिरीवर बादली आहे, दोर आहे. तुला तहान लागली आहे. तू काय करशील?"

सरांनी वर्गात प्रश्न वाचला. फॉर्म हातात धरून चष्मा वर केला आणि उत्तरही वाचलं. जसंच्या तसं, आमच्या बोलीत, वेडावून.

"कोनी येईपर्यंत उभी राहीन."

वर्ग फिदीफिदी हसला. "बघा," सर म्हणाले, "समोर पाणी असून घ्यायची अक्कल नाही."

अक्षर माझं होतं. उत्तर माझ्या धाकट्या बहिणीचं होतं, सुशीचं. ती चौथीत होती. त्या उत्तरासमोरचं शून्यसुद्धा मीच टाकलं होतं. सरांची किळस आलीच, पण आधी माझी स्वतःची आली.

पंच्याहत्तर-शहात्तरची गोष्ट. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय मानसशास्त्र. मंगरूळपीर तालुक्यातल्या गावांतल्या पोरांची बुद्धी आणि तब्येत मोजायची, असं सरांनी काढलं होतं. माझ्या गावाची वरची आळी दोघा मुलांना मिळाली. ते चहा-पोहे खाऊन फॉर्म भरून आले. मला आमचीच वस्ती दिली. "तुमचीच माणसं आहेत, तुम्हाला सोपं जाईल." मी खूश झाले, काय सांगू. वस्तीतली पहिली कॉलेजवाली. इस्त्रीची साडी नेसून स्वतःच्याच घरात पाहुणीसारखी बसले आणि सुशीला समोर बसवलं.

सगळी उत्तरं तिनं पटापट दिली. विहिरीच्या प्रश्नाला तर तिनं विचारसुद्धा केला नाही. मग मान लांबवून फॉर्मात डोकावत म्हणाली, "बरोबर हाय ना ताई?"

"हो," मी म्हणाले. आणि छापील उत्तरतालिका बघून शून्य टाकलं. तालिकेत लिहिलं होतं, बादलीने पाणी काढीन. वस्तीतल्या बाकीच्या पोरांनीही सुशीचंच उत्तर दिलं. त्यांनाही मी शून्य टाकलं. पंचवीस फॉर्म, पंचवीस शून्यं. माझा हात एकदाही अडला नाही.

ती विहीर मी काय पाहिली नव्हती? आम्ही बौद्ध झालो त्याला वीस वर्षं होत आली होती, विहिरीला मात्र ते कुणी कळवलं नव्हतं. माय घागर घेऊन काठापासून लांब उभी राहायची. "वाढ वं बाई थोडं," म्हणायची. वरच्या आळीतली एखादी बाई आलीच तर उंचावरून धार सोडायची. अर्धं पाणी घागरीत, अर्धं मायच्या लुगड्यावर. काकानं एकदा स्वतः बादली टाकली, तर वरच्या आळीनं त्याचा हात मोडला होता. सुशीला हे सगळं ठाऊक होतं. मी मात्र चार पुस्तकं वाचून ते विसरले होते.

तास संपला. मी सरांच्या टेबलाशी गेले. फॉर्म तिथेच पडले होते, भरलेले आणि कोरेही.

"सर, ते उत्तर बरोबर आहे."

"तालिकेत काय आहे?"

"आमच्या माणसाला त्या विहिरीत बादली टाकू देत नाहीत."

"तो सामाजिक प्रश्न झाला. त्याचा पेपर वेगळा. आपण इथे बुद्धी मोजतोय." सर फॉर्म चाळत राहिले. "कमी बुद्धीच्या मुलांची यादी तुमच्या गावच्या हेडमास्तरांना द्यायची आहे. अशांना पाचवीत ढकलून उपयोग नसतो. करा सही प्रत्येकावर. प्रात्यक्षिकाचे गुण आहेत."

यादीत पहिलं नाव सुशीचं होतं.

त्यांनी पेन पुढे केलं. मी घेतलं. पंचवीसही शून्यं एकेक करून खोडली. मग एका कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर मी लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं.

"विहिरीवर तहानलेली पोर उभी आहे. दोर तुमच्या हातात आहे. तुम्ही काय कराल?"

सर लाल झाले. "मर्यादा सांभाळा," म्हणाले.

मी तेवढंच लिहून घेतलं. जसंच्या तसं. समोर शून्य टाकलं. यादी, भरलेले फॉर्म आणि कोऱ्यांचा गठ्ठा पिशवीत घातला आणि मंगरूळची एस.टी. धरली. प्रात्यक्षिकात मी नापास झाले. यादी हेडमास्तरांकडे गेली नाही. सुशी पाचवीत गेली.

पण त्या संध्याकाळी पाचवीचं काही मनात नव्हतं. घरी आले आणि मायला सांगितलं, उद्या वरच्या आळीत जाते, घरोघर. माय घाबरली. "कायले आग लावून राह्यली वं? पानी बंद करतीन ते."

"देतात तरी कुठं?" मी म्हणाले. "सांडतात."

सुशीला कोरे फॉर्म मोजायला बसवलं. सकाळी ती माझ्यासोबत येणार होती. दारादारात दोराचा तो प्रश्न ती वाचेल, उत्तर मी लिहीन, आणि शून्य कुणाला द्यायचं ते यापुढे आम्ही ठरवू.