हेळव्याच्या वहीत माझं नाव नव्हतं

येडशीच्या स्टेशनवर आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, मला बार्शीकडच्या छोट्या गाडीत बसवलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि थोरला भाऊ अण्णा तेरा. सोलापूरला मामाकडं शिकायला जागा एकालाच होती. आप्पा अण्णाला म्हणाले, "तू औताला लागलास. ह्याला जाऊ दे." गाडी हलली तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं.

सोलापूर इंग्रजांचं आणि आमची बेंबळी निजामाची, याचा अर्थ कळायला सोळा वर्षं गेली. हैदराबादेत एका दफ्तरात कारकुनी मिळाली, पण तीन महिन्यांत मुल्की दाखला, म्हणजे मी याच राज्याचा असल्याचा कागद, हजर करायचा होता. नाहीतर जागा जाणार. घरी बायको आणि दोन मुली.

पुरावा एकच होता. आप्पांनी चुलत्यांवर वाटणीचा दावा लावला होता. त्यातल्या जबानीत आम्हा दोघा भावांची नावं होती. मी कचेरीत चार खेपा घातल्या. चौथ्या खेपेला कारकुनानं सरळ सांगितलं की त्या सालची मिसल, म्हणजे दाव्याचे कागद, आता नाहीतच. आप्पा वारलेले. पटवाऱ्याच्या वहीत शेत अण्णाच्या नावावर. शेवटी गावच्या पंचांसमोर जबान्या घ्यायचं ठरलं.

आम्हा लिंगायतांच्या घरी सुगीनंतर बैलावर बसून हेळवी येतो आणि वंशावळ सांगतो. ज्याच्या नावानं ज्वारीचं माप पडतं, त्याचं नाव तो वहीत चढवतो. पंचांसमोर त्यानं सात पिढ्या न अडखळता सांगितल्या. मग अण्णा, अण्णाची तीन मुलं, पाळण्यात गेलेलं चौथंसुद्धा. आणि वही मिटली.

मी विचारलं तर म्हणाला, "तुमच्या नावाचं माप कधी पडलंच न्हाय. आप्पा म्हणायचे, ते मामाच्या घरचे घालतील."

मामांना वाटत होतं, बेंबळीचं घर घालत असेल.

अण्णाला सही येत नाही. पण तू कुठला, असं त्याला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मला त्याचा हेवा वाटला. पाळण्यातल्या त्या लेकराचाही वाटला. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच लिहितो.

अण्णा पुढं झाला. "लिवा. हा माझ्या पाठचा. गाडीत बसून गेला त्या दिसापास्नं म्या ह्याच्यावर जळतोय. सख्ख्या भावाबिगर इतकं कोण जळतंय?"

पंच हसले. अण्णा हसला नाही. त्यानं अंगठा उठवला, आणि तेवढ्यावर मला दाखला मिळाला.

आता हैदराबादेत माझं बस्तान आहे, मुली उर्दू फडाफडा वाचतात. माझ्यासारखे जे बाहेर पडले आणि जे गावी राहिले, त्या दोघांनाही सांगतो: पुढच्या सुगीला मी माझ्या नावाचं माप घालायला गेलो, तर अण्णानं हात धरला. दारात राहणाऱ्यानंच ते घालायचं असतं म्हणाला, आणि रीत तशीच आहे. तेव्हापासून दरसाल तो घालतो. बेंबळीत माझं घर उरलंय ते अण्णाच्या ज्वारीवर. त्याचे उपकार मी विसरत नाही, आणि नेमकं त्याच कारणानं त्याच्यावर जळायचंही थांबत नाही.