दादाच्या मापाची सीट

आमच्या घरात सायकल एकच होती. पहाटे थोरला भाऊ तिला दुधाच्या किटल्या अडकवून केडगावहून नगरला रतीब घालायला जाई. तो परतला की मी तीच घेऊन कॉलेजला निघे. दादा उंच, मी बुटका. त्यामुळे सीट रोज दोनदा वरखाली व्हायची. संध्याकाळी ती दादाच्या मापाला चढवून पान्याने नट आवळून ठेवायचा, हे काम माझं.

एका सकाळी दादा सायकल ढकलत आला. ओठ फाटलेला, सदरा दुधाने आणि रक्ताने भिजलेला. खड्ड्यात चाक आपटलं तशी सीट गर्रकन फिरली आणि तो किटल्यांसकट खडीवर तोंडघशी पडला होता.

"नट आवळला हुतास का?"

"आवळला होता," मी म्हणालो.

खरं तर मी तो नुसता हाताने फिरवून पुस्तकाकडे पळालो होतो. परीक्षा जवळ आली होती.

दादाने एका बोटाने सीट ढकलली. ती फिरली. मग त्याने हवा भरायचा पंप उचलला. पाठीवर, दंडावर, जिथे लागेल तिथे. मी पडलो तेव्हा लाथा घातल्या. आई मध्ये पडली.

"आरं, मरंल त्यो!"

"मरू दे! खोटं बोलाय शिकलाय तिथं. आजपासनं कॉलेज बंद!"

त्याने पाना माझ्या अंगावर फेकला. "आवळ."

मी आवळलं. त्याने दोन्ही हातांनी सीट पिळली, ती हलली. थोबाडीत बसली. "अजून." पाना सटकून माझ्या बोटांची सालं निघाली. तिसऱ्यांदा सीट हलली नाही.

दादा रक्त थुंकला. बाहीने ओठ पुसला.

"आता तुझ्या मापाला लाव."

मी बघतच राहिलो.

"बघतोस काय, पंडित? घंटा व्हईल तिकडं."

मी सीट खाली घेतली, टोक दांडीच्या रेषेत आणलं, सगळा जोर लावून नट आवळला. दादा त्या बुटक्या सीटवर गुडघे वर करून बसला, अंगाला हिसके दिले. सीट जागची हलली नाही. तो उतरला.

फाटकापाशी माझ्याच्याने राहवलं नाही. "दादा, काल मी नट आवळला नव्हता."

"मला ठावं हाय," तो म्हणाला. "जा."