आबांचा पाच नंबर

ऐका, हसायचं तर मोकळेपणानं हसा, पण शेवटपर्यंत ऐकून मग हसा. मी मुळात कमी बोलणारा माणूस. आमच्या नेकनूरच्या पारावर दोन तास बसलो तरी माझी चार वाक्यं होत नाहीत. आणि अशा माणसानं आठ दिवस तोंडाला कुलूप न लावता फुशारकी मारली! कशाची? तेच तर सांगतो.

चाळीस वर्षं मी पुण्यात गोल्फच्या मैदानावर कॅडी होतो. म्हणजे साहेबांची काठ्यांची पिशवी खांद्यावर घ्यायची, अंतर बघायचं आणि योग्य काठी हातात द्यायची. शाळा चौथीपर्यंत, पण काठ्यांचे आकडे पाठ. त्यातलं गणित उलटं असतं बरं का! आकडा लहान, तर बॉल लांब. सात नंबरपेक्षा पाच नंबरचा बॉल पुढं जातो. आणि माझा एक नियम होता : शंका आली की लांबची काठी घ्या. साहेब लोकांना वाटायचं आपल्या अंगात लई जोर हाय. बॉल मात्र कायम अलीकडं पडायचा!

माझा मुलगा आता त्याच मैदानावर गवत कापतो. त्याची मुलगी करुणा तिथंच खेळायला शिकली. एका भल्या बाईंनी तिला नव्या काठ्या दिल्या. दिवाळीच्या सुट्टीत ती गावाकडं आली आणि म्हणाली, "आबा, सोमवारी राज्याच्या संघाची निवड हाय. माझी पिशवी तुमी धरशाल का?"

काय सांगू! पिशवी खाली ठेवून सहा वर्षं झाली होती. आपल्याजवळचं काहीतरी नातीच्या कामाला येईल, असं कधी वाटलंच नव्हतं.

सोयाबीन निघून रान मोकळं झालं होतं. मी लिंबापर्यंत पावलं मोजली. एकशे चाळीस. "पाच नंबर घे," म्हणालो.

"आबा, सात पुरंल."

"पाच!"

तिनं मारला. बॉल लिंबावरून गेला, बांधावरून गेला आणि शेजारच्या किसनतात्याच्या गोठ्याच्या पत्र्यावर ठण्णकन पडला. म्हैस दावं तोडून थेट आमच्या रानात! मागून तात्या.

"काय रं, तुकाराम! आभाळातून दगडं पाडायला का?"

"वारं हाय, तात्या," मी म्हणालो. खरं तर कडब्याचं पातही हलत नव्हतं.

दुसरा बॉल. पुन्हा ठण्ण! पुन्हा म्हैस!

करुणा हळूच म्हणाली, "आबा, काठ्या बदलल्यात. पूर्वीच्या सात नंबरचं तोंड आभाळाकडं असायचं. आता ते उभं केलंय, पातं आतून पोकळ हाय. आजचा सात म्हंजी तुमचा पाच."

"आकडा म्हंजी आकडा," मी म्हणालो. चाळीस वर्षं बोललो नव्हतो, ती सगळी अक्कल त्या एका वाक्यात!

सोमवार उजाडला, पुण्याच्या त्याच मैदानावर. मी धुतलेलं धोतर नेसलो, पिशवी खांद्यावर घेतली. दिवसभर पोरगी स्वतःच पिशवीतून काठी काढायची. मला वाटलं, म्हाताऱ्याला त्रास नको म्हणून. ज्यात बॉल घालायचा, त्या शेवटच्या खड्ड्याला आलो. आता बॉल झेंड्याजवळ थांबला तर संघात, नाहीतर घरी. खड्ड्यातला झेंडा एकशे चाळीस पावलांवर आणि त्याच्या मागं लगेच तळं.

तिचा हात पिशवीकडं येतोय तोच मी काठी काढली आणि तिच्या हातात दिली. पाच नंबर!

तिनं काठीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. आणि म्हणाली, "हो आबा."

मूठ खाली सरकवून तिनं काठी आखूड धरली आणि हात अर्धाच मागं नेला. घाबरली पोरगी! "भर ताकदीनं मार," असं माझ्या ओठावर आलं होतं. नशीब, मला बोलायला वेळ लागतो! तोवर बॉल उडाला, अलगद उतरला आणि झेंड्यापासून दोन हातांवर थांबला.

निवड झाली! मी रडलो. आणि मग सुटलो. एसटीत कंडक्टरला पाच नंबर, हॉटेलात चहावाल्याला पाच नंबर, दाढी करताना न्हाव्याला पाच नंबर! "नव्या काठ्या असोत का जुन्या, सल्ला जुनाच लागतो!"

आठव्या दिवशी हॉटेलात किसनतात्यानं मोबाईल पुढं केला. माझ्या मुलानं त्याला त्या दिवसाचा व्हिडिओ पाठवला होता. त्यात निवड करणाऱ्या बाई विचारत होत्या, "सात नंबरच्या अंतराला पाच का घेतलास?"

आणि माझी करुणा हसत सांगत होती, "आबांनी दिला ना! मंग हळूच मारला."

सगळं हॉटेल माझ्याकडं बघायला लागलं. मी बशीतल्या चहाकडं.

घरी येऊन फोन लावला. "पोरी, तिथंच सांगायचं न्हाई का? तळ्यात गेला असता म्हंजी?"

"आबा, सहा वर्षांनी तुमी पिशवी उचलली. तुमी दिलेली काठी मी माघारी देऊ व्हय?"

चाळीस वर्षं मी साहेब लोकांना सांभाळलं. मला कुणी इतकं सांभाळलं नव्हतं.

मग तीच म्हणाली, "आबा, पुढच्या महिन्यात मोठी स्पर्धा हाय. पिशवी तुमीच धरायची."

धरणार तर! पण काठी तिची ती काढील. नंबराचं काही अडलंच, तर किसनतात्याच्या म्हशीला विचारीन. तिला पहिल्याच बॉलला कळलं होतं.