तरसालीतली गिटारची पेटी आणि पहिली जागा

बडोद्याला जायचं माझं नऊ वर्षं चाललं होतं. दर दिवाळीनंतर दिगूचा फोन यायचा, "शुभा, पहिली जागा अजून रिकामीच आहे, कधी येतेस?" आणि दर वर्षी मी "या हिवाळ्यात नक्की" म्हणायचे. या वेळी फोन दिगूचा नव्हता, त्याच्या बायकोचा होता. वंदनावहिनी म्हणाल्या, "ताई, यायचं असेल तर आता या." दुसऱ्या दिवशी शाळेत रजेचा अर्ज टाकला.

दिगू म्हणजे दिगंबर, माझा कॉलेजचा मित्र. संस्थानच्या फौजेतल्या शिपायांचं घराणं. तलवार गेली, मिशा राहिल्या, असं तो स्वतःच म्हणायचा. मी पुण्याहून बडोद्याला शिकायला गेले तेव्हा आमच्या बँडमध्ये तो एक गिटार वाजवायचा आणि मी दुसरी. लोकप्रिय संगीतावर सगळ्यात जास्त प्रभाव टाकणारे दहा गिटारवादक कोणते, हा वाद तेव्हा सुरू झाला. त्याच्या गिटारच्या पेटीच्या झाकणाला आतून फिकट अस्तर होतं, त्यावर निळ्या मार्करने दोन ते दहा क्रमांकांची नावं लिहिली गेली. पहिली जागा तीस वर्षं रिकामी आहे.

नावं इथे लिहीत नाही. मागे एकदा या ब्लॉगवर दोनच नावं लिहिली होती, तर खाली प्रतिक्रियांमध्ये लोकांनी एकमेकांचे आईबाप काढले. पण वादाचा नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या कॉलेजात न वाजवता बडबड करणारे पायलीला पन्नास होते, म्हणून मीच तो नियम केला होता. ज्याचं नाव सुचवायचं त्याचा एक तुकडा आधी वाजवून दाखवायचा. नाव नाकारायचं तरी तो तुकडा वाजवूनच नाकारायचा. आणि दोघांनी हो म्हटल्याशिवाय झाकणावर काही लिहायचं नाही.

पुण्याहून पहाटे निघाले, मुंबईला गाडी बदलली आणि दुपारी चारला बडोद्यात उतरले. थेट गाड्याही आहेत, पण तिकीट महिनाभर आधी काढा. माझ्यासारखं ऐनवेळी गेलात तर असंच तुकड्यातुकड्यांत जावं लागतं. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने दिगूच्या वस्तीचे, तरसालीचे, अडीचशे सांगितले. मी गुजरातीत बोलल्यावर तो दीडशेवर आला. मांजलपूर ओलांडेपर्यंत तो मला राजवाड्याच्या तिकिटाची माहिती देत होता. मी हो हो म्हणत होते, ऐकत नव्हते.

दिगूचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. दार उघडायच्या आधीच ऑक्सिजनच्या मशीनचा आवाज ऐकू आला. त्याने सव्वीस वर्षं नंदेसरीतल्या एका केमिकल कारखान्यात काढली आहेत. फुप्फुसं आटत गेली ती त्यामुळेच का, असं विचारलं की डॉक्टर खांदे उडवतात आणि कागदावर काहीच लिहीत नाहीत. हे फोनवर ऐकलं होतं. नवरात्रात नऊ दिवस गरब्याच्या मैदानावर उभं राहून गिटार वाजवणारा धिप्पाड माणूस पलंगाच्या एका कडेला मावला होता. नाकात नळी होती. मिशा तेवढ्या होत्या.

वहिनींनी लिलो चिवडा, तो बडोद्याचा ओलसर बटाट्याचा, आणि चहा दिला. दिगूने हाताने खुणावून मला बसायला सांगितलं, मग पलंगाखालची पेटी काढायला लावली. झाकण उघडलं, तीच नऊ नावं आणि वर मोकळी जागा. तो थोडं थांबून, श्वास घेऊन बोलू लागला. प्रभाव म्हणजे कुणाचं पोस्टर किती खपलं ते नव्हे, असं त्याचं म्हणणं. आपल्या सिनेमाच्या स्टुडिओत बसून एक माणूस आठ सेकंदांचा तुकडा वाजवून गेला, त्याचं नाव तबकडीच्या वेष्टनावरही छापलं नाही, पण या देशात गिटार हातात धरणारा प्रत्येक जण आधी तोच तुकडा शिकतो. पहिली जागा त्याची. त्याला आम्ही 'बिननावाचा' म्हणायचो. माझा उमेदवार परदेशातला, ज्याने गिटारच्या आवाजाचा अर्थच बदलला, तो 'वादळ'.

हे सगळं सांगायला त्याला दहा मिनिटं लागली. दोनदा खोकल्याची उबळ आली. ओठांच्या कडा निळसर दिसायला लागल्या आणि मी घाबरले. मला ते बघवेना. मी त्याच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "बरं बाबा, तुझंच खरं. लिहू या बिननावाचा. आण मार्कर."

मला वाटलं, तो खूश होईल. त्याने हात काढून घेतला. म्हणाला, "रहवा दे, शुभा. ही हार नाही. हा निरोप आहे."

मग भिंतीकडे तोंड करून पडला तो पडलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉटेलातून लवकरच तिकडे गेले, पण दिगू डोळे मिटून होता. झोपला नव्हता, हे मलाही कळत होतं. स्वयंपाकघरात वहिनी भाकरी थापत होत्या. मी विचारलं, माझ्यावर चिडलाय का? त्या थापायच्या थांबल्या.

"ताई, सोमवारपासून हे माझ्याशी बोललेच नाहीत. मला वाटलं, माझंच काय चुकलं. मग पाटी मागितली नि लिहून दिलं, शुभा येतेय, भांडायला श्वास राखून ठेवतोय." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "चार दिवस पाणीसुद्धा खुणेने मागत होते. आणि तुम्ही दहा मिनिटांत हो म्हणून मोकळ्या झालात."

मला स्वतःची लाज वाटली. अजूनही वाटते. आजारी माणसाशी गोड बोलावं असं आपल्याला लहानपणापासून शिकवतात. पण दिगूला सगळेच गोड बोलत होते, शेजारी, नातेवाईक, डॉक्टर. त्याला खोटं पाडणारं आता एकच माणूस उरलं होतं आणि तेही पुण्याहून येऊन त्याच्या हातावर हात ठेवून बसलं.

पेटीतल्या गिटारच्या तारा गंजल्या होत्या. नव्या आणायला म्हणून निघाले. खंडेराव मार्केटपाशी रिक्षा सोडली, भाजीवाल्यांच्या गर्दीतून बाहेर आले आणि कोपऱ्यावर उभ्याने सेव-उसळ खाल्ली. साठ रुपयांत पोट भरतं, पण तर्री जपून मागा. मी नेहमीच्या सवयीने जास्त मागितली आणि डोळ्यांतून पाणी आलं. तिथेच थोडा वेळ रडूनही घेतलं, कुणी विचारलं नाही.

रावपुऱ्याकडे एका वाद्यांच्या दुकानात तारांचा सेट मिळाला. दुकानदार तो बांधून देत होता तेवढ्यात बँकेतला असावा असा, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक गृहस्थ मुलीसाठी गिटार बघायला आला. हातात घेतली, स्टुलावर टेकला आणि त्याने काय वाजवावं? बिननावाचा तुकडा. अर्धामुर्धा, बेसूर, पण तोच. दुकानदार माझ्याकडे बघून हसला, म्हणाला, "जे आवे ते आ ज वगाडे." जो येतो तो हेच वाजवतो. मी तारा घेतल्या आणि बाहेर पडले. राजवाडा, सयाजीबाग, संग्रहालय, जे जे तुम्हाला बघायला सांगणार होते त्यातलं मी काहीच बघितलं नाही.

संध्याकाळी पलंगाशेजारी बसून तारा बदलल्या. दिगू एका डोळ्याने बघत होता. चौथी तार मी चुकीच्या बाजूने गुंडाळली तेव्हा त्याला राहवलं नाही, बोट दाखवून त्याने ती सोडायला लावली. मी त्याला म्हटलं, उद्या सकाळी नऊला येते आणि तुझ्या बिननावाच्याची सालं काढते. त्याने डोळे मिटले, पण मिशा हलल्या.

तिसरा दिवस. वहिनींनी त्याला उशांना टेकवून बसवलं होतं, दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी गेले आणि थेट भांडायला लागले. म्हटलं, सगळे वाजवतात म्हणून तो थोर? मग शाळेची घंटा सगळ्यांत थोर, ती तर रोज वाजते. त्याचे डोळे चमकले. तो म्हणाला, घंटा ऐकून कुणाला घंटा वाजवावीशी वाटत नाही. हा तुकडा ऐकून लोकांनी गिटारी घेतल्या, नोकरीच्या पहिल्या पगारात घेतल्या, प्रभाव दुसरा काय असतो? मी वादळाचा तुकडा वाजवला, बरा वाजला. तो म्हणाला, उत्तम, पण हे ऐकून लोक टाळ्या वाजवतात, गिटार नाही. मी तोंडात येईल ते बोलत होते, तो एकेका श्वासात एकेक वाक्य परतवत होता, आणि तासभर त्या खोलीत कुणी आजारी नव्हतं.

मग त्याने गिटार मागितली. उशीवर आडवी ठेवून त्याने बिननावाचा तुकडा धरला. तीन सूर आले. चौथ्याला बोटांत जोर राहिला नाही, तार नुसती खरखरली. त्याने पुन्हा केलं, पुन्हा तेच. वहिनी उठून आत गेल्या. मी "राहू दे" म्हणणार होते, पण या वेळी जीभ आवरली.

त्याने गिटार माझ्या मांडीवर ठेवली. "तू वाजव. नाकारायचं तरी वाजवूनच. नियम तुझा आहे."

आणि मला तो तुकडा येत नव्हता. तीस वर्षं मी त्याला नाक मुरडत आले होते, चौकातली पोरं वाजवतात ते मी काय वाजवायचं म्हणून. एकदाही हात लावला नव्हता आणि तेही त्याने चालवून घेतलं होतं. आता बसले तर अंगठ्याने खर्ज चालू ठेवून बोटांनी धून धरताच येईना. दिगू पलंगाच्या कडेवर दोन बोटांनी ठेका देत होता. चौथा सूर उशिरा येतो, तो म्हणाला. आता येईल असं वाटतं तेव्हा येत नाही, थोडं थांबून येतो. सगळी गंमत तिथे आहे. मी वीसेक वेळा केलं आणि वीसही वेळा तिथे घाई केली.

निघायची वेळ झाली. मी म्हटलं, आता काय करायचं? मला येत नाही, म्हणजे मला नाकारता येत नाही. तो म्हणाला, "मग होही म्हणता येत नाही. शिकून ये." त्याने पेटीतला निळा मार्कर माझ्या हातात दिला. त्याच्याकडे राहिला तर तो चोरून लिहून टाकेल म्हणे.

पुण्यात आल्यावर रोज शाळेतून आले की अर्धा तास बसत होते. आठव्या दिवशी फोन स्पीकरवर ठेवून वाजवून दाखवलं. पलीकडे मशीनचा आवाज येत होता. तो म्हणाला, "घाई करतेस. चौथ्याला." मी म्हटलं, आणखी आठवडा दे. त्यानंतर पाचव्या दिवशी वहिनींचा फोन आला, मी शाळेच्या जिन्यात होते. एवढंच म्हणाल्या, "ताई, हे गेले."

बडोद्याला जाल तर सेव-उसळ खा, रिक्षावाल्याशी गुजरातीत बोला, राजवाड्याला सकाळी जा, उन्हात नको. आणि तिथे कुणाशी तुमचं जुनं भांडण उरलं असेल तर आधी त्याच्याकडे जा आणि मनापासून भांडा. मी नऊ वर्षं उशीर केला आणि वर पहिल्या संध्याकाळी ते भांडण संपवायला निघाले होते.

परवा तो तुकडा मला पूर्ण आला. चौथ्या सुराशी थांबले आणि तो बरोबर उशिरा आला. दिगूचं खरं होतं, पहिली जागा बिननावाचीच, आणि हे मी वाजवून म्हणतेय. मार्कर माझ्या टेबलावर आहे, पेटी तरसालीत पलंगाखाली. वहिनी म्हणतात, या नि लिहून जा. पण लिहायला दोघांचं हो लागतं.