ताट पुढं सरकवणारी सुलामावशी

आमच्या ख्रिस्ती मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकाबाकांवरून हातोहात फिरतं. ज्याचा बाप्तिस्मा झालाय त्यानं तुकडा घ्यायचा, ज्याचा नाही त्यानं ताट शेजारी द्यायचं. तिसऱ्या बाकावर माझ्या आईशेजारी सुलामावशी बसायची. ताट दोन्ही हातांनी घ्यायची, त्यात एकदा बघायची आणि आईकडं सरकवायची. अकरा वर्षं तिनं ताट सरकवलं.

सुलामावशी धनगराची, आटपाडीकडच्या कोरड्या मुलखातली. दिवाळीनंतर तिचा नवरा धुळामामा मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचा, आणि ती फेब्रुवारीपासून तासगावात बेदाणा निवडायला यायची. तिथंच तिची आणि माझ्या आईची ओळख झाली. दुपारी डबा उघडला की आई डोळे मिटायची. चार दिवस मावशीनं बघून घेतलं.

“अंजना, भाकरीला काय सांगतीस गं?”

“भाकरीला न्हाई, देणाऱ्याला.”

“मग त्यो काय म्हणतोय?”

“रविवारी ये आन तूच ऐक,” आई म्हणाली. मावशी आली, आणि पुढच्या रविवारीही आली. दोन हंगाम गेल्यावर ती, माहेरचं माणूस सांगावं तसं सांगायला लागली, “येशू माझा हाय.”

तिला बाप्तिस्मा हवा होता. पण एकटीनं नको, धुळामामासकट. “एवढी वरसं एका पालात काढली, आन पाण्यात एकटीच जाऊ व्हय?” हे तिनं मामाला मात्र विचारलं नाही. तिनं वेगळाच घाट घातला.

लोकर कातरायच्या आधी मेंढरं नदीत धुवावी लागतात. मावशीनं मामाला निरोप धाडला, रविवारी मेंढरं भिलवडीजवळच्या उतारावर आणा, पाणी बरं हाय. त्या दिवशी त्याच उतारावर नदीत बाप्तिस्मे होते. मंडळीच्या पाळकसाहेबांना सांगितलं, रविवारी आमचे मालकबी येणार हायती. दोन्ही निरोप खरे होते. फक्त एका निरोपाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

मी तेव्हा सहा वर्षांची होते. विश्वजीत पाळकसाहेब पुण्याहून नवेच आलेले, पांढरा झगा घालून कमरेएवढ्या पाण्यात उभे. आम्ही काठावर गात होतो. तेवढ्यात मागून धुरळा उठला, “हुर्रर्र, च्यॅक च्यॅक” अशी हाळी आली आणि ऐंशी काळी मेंढरं आमच्या मधून नदीत घुसली. गाणं तिथंच तुटलं. पाळकसाहेब दोन्ही हात वर करून ओरडले, “अहो! अहो, आवरा यांना!”

मामा काठावरून म्हणाला, “माझी मी आवरतो. पर ह्यो पांढरा बकरा कुणाचा हाय?”

सगळे हसले, पाळकसाहेबसुद्धा. मामानं एक मेंढी गुडघ्यात धरली आणि धुवायला घेतली. मेंढी डोळे पांढरे करून धडपडत होती. तेव्हा मावशी पुढं झाली. “आवं, आता आलाच हायसा तर...” एवढंच म्हणाली आणि पाळकसाहेबांकडं बघितलं.

मामाला कळलं. त्यानं मेंढी सोडून दिली.

“मलाबी आसंच धरून बुचकळणार व्हय गं?”

मग कुणी हसलं नाही. मामानं मेंढरं गोळा केली आणि निघून गेला. पुढचे सहा महिने तो तिच्याशी मेंढरांपुरतंच बोलला.

त्या पावसाळ्यात मावशीनं त्याला शब्द दिला. “तुमी म्हणशिला तवाच पाण्यात जाईन. तवर न्हाई. आन इचारणारबी न्हाई.” आईला हे सांगताना ती रडली. “अंजना, मी त्येंस्नी ढकललं न्हाई, देवालाच ढकलत हुते. त्येची येळ हुईस्तवर मला दम निघंना.”

पाळकसाहेब दरवर्षी विचारायचे, “सुलाबाई, यंदा?”

“न्हाई साहेब. त्येंचं अजून यायचं हाय.”

“तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही. देव अडवत नाही.”

“देव कशाला अडवंल? पर मी शबूद दिलाय न्हवं.”

मी घरी डोक्यावर टॉवेल घेऊन मावशीची प्रार्थना करून दाखवायचे, अगदी नाक ओढण्यासकट. आई हसून लोळायची. नक्कल करायची तर शब्द पाठ असावे लागतात, म्हणून ते बदलत गेलेले मला लवकर कळले. आधी ती म्हणायची, “प्रभू, त्येंचं मन फिरव, यंदाच फिरव, आता किती थांबू?” काही वर्षांनी “यंदाच” गळून पडलं. पुढं “फिरव” पण गेलं. पल्लवीच्या, तिच्या लेकीच्या, शाळेच्या पुस्तकावरून ती अक्षरं शिकली आणि पवित्र शास्त्र बोट ठेवून वाचायला लागली. एका रविवारी ती म्हणाली, “प्रभू, त्येंच्या पायाला काटा लागू दिऊ नगंस. आन मला गप बसायचं बळ दे.” त्या दिवशी घरी मी टॉवेल घेतला आणि परत ठेवून दिला.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात उंब्रजजवळ मामाचा तळ होता. अवकाळी पाऊस कोसळला आणि सकाळी बावीस मेंढरं गारठून ताठ झालेली सापडली. फोन आला तशी मावशी एसटीनं गेली. मामा चिखलात बसून ओरडत होता, “कुठं हाय गं तुझा देव? आन माझाबी कुठं गेला?”

ज्यांच्या आया मेल्या ती कोकरं मावशीनं घोंगड्यात घेतली आणि बाटलीनं दूध पाजत बसली. आठ दिवस.

यंदा एप्रिलमध्ये मामा स्वतः आमच्या बेदाण्याच्या शेडवर आला. मावशी पाणी आणायला गेलेली. तो आईजवळ काठी टेकून उभा राहिला.

“तुमचं ते पाण्यातलं कवा हाय?”

आई म्हणाली, “सुलाबाईलाच इचारा की.”

“तिला इचारलं तर रडत बसंल. तुमीच सांगा.” मग बेदाण्याच्या ढिगाकडं बघत म्हणाला, “उंब्रजला म्या वाट बघत हुतो. म्हटलं, आता म्हणंल, माझं ऐकलं आसतं तर. आठ दिस वाट बघितली. तीन वरसं झाली, अजून बोलली न्हाई. लय थांबली ती. जाऊ द्या तिला पाण्यात.”

“आन तुमी?”

“मी काठावर ऱ्हातो. माझं मी आलो तर माझ्या पायानं ईन.”

त्याच उतारावर आम्ही गेलो. पाळकसाहेबांची दाढी आता पिकली आहे. मामा खांद्यावर घोंगडं टाकून अनवाणी उभा होता. म्हणाला, “साहेब, आज मेंढरं न्हाई आणली.”

“आणली असती तरी चाललं असतं, धुळाबा.”

मावशी पाण्यात उतरली, बुडाली, वर आली. वर आल्यावर तिनं आकाशाकडं बघितलं नाही, आमच्याकडंही नाही. पदर पिळला. मग ती काठावर आली आणि मामानं तिच्याभोवती घोंगडं गुंडाळलं. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघत होतो. आता तरी ती विचारेल, की तुमी कवा?

ती म्हणाली, “सकाळधरनं च्या तरी घेतला का तुमी?”

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. ताट तिसऱ्या बाकावर आलं. मावशीनं दोन्ही हातांनी घेतलं, त्यात एकदा बघितलं आणि सवयीनं आईकडं सरकवलं.

आईनं ताट धरून ठेवलं. “अगं बया, तुझा तुकडा!”

मावशीनं तोंडाला पदर लावला. मग हात पुढं केला. तिनं तुकडा जसा उचलला, त्याची नक्कल मला करता येत नाही. दार उघडं होतं. बाहेर पायरीवर, चपलांच्या राशीशेजारी, मामा पाठमोरा बसला होता. तिनं एकदा तिकडं बघितलं. हाक मारली नाही. तुकडा तोंडात घातला आणि ताट पुढं गेलं.