दारातून दिसणारी काळी पट्टी

मागच्या सोमवारी साइटवर माझी एक चूक पकडली गेली. मोजमाप अगदी बरोबर असताना झालेली चूक... म्हणून लिहून ठेवतेय.

मी दुबईत एका टॉवरच्या साइटवर ड्रॉइंग आणि क्वालिटी बघते. लॉबीच्या फरशीत दरवाजापासून लिफ्टपर्यंत काळ्या ग्रॅनाइटची एक पट्टी आहे. लेझर लावला, तर पट्टी ड्रॉइंगपेक्षा पस्तीस मिलिमीटर बाजूला.

ती बसवली होती शांताराम काकांनी. गुहागरचे, चौदा वर्षं इथे फक्त दगडाचं काम करतात. त्यांच्या नावावर आधीच एक रिजेक्शन होतं... दुसरं झालं की दगडाच्या गँगमधून काढणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

"साइन करो मॅडम, खलास," रिजेक्शनचा कागद पुढे करत फोरमन म्हणाला. "कल से ये प्लास्टर में."

काका हात पुसत म्हणाले, "सही करा ताई. पण आधी दारात उभ्या राहा. वाकून नको, सरळ. लॉबीत येणारा माणूस काय लेझर घेऊन येणाराय?"

आता आदल्या दिवसाचं सांगायला हवं. रविवारी रूममेटच्या आग्रहाने मी अबू धाबीच्या म्युझियममध्ये गेले होते. तिथे इटलीतल्या एका जुन्या चित्रकाराचं चित्र होतं... चौकटीचौकटींची फरशी, आणि तिच्या सगळ्या रेषा लांब एका बिंदूत मिळालेल्या.

गाइड म्हणाली, आधी चित्रात मोठ्या पदाचा माणूस मोठा आणि साधा माणूस लहान असायचा. मग या चित्रकाराच्या पिढीने समोर उभ्या असलेल्या माणसाचा डोळा मोजमापाला धरला. तिथून माणसाची स्वतःच्या नजरेवर विश्वास ठेवायची सवय वाढत गेली. मला हे जरा जास्तच वाटलं होतं... भूमिती तेवढी आवडली.

तर मी दारात उभी राहिले.

पट्टी सरळ गेली आणि लिफ्टची दोन दारं जिथे मिटतात, बरोबर त्या फटीत संपली. ड्रॉइंगप्रमाणे घातली असती, तर एका दाराच्या अंगावर गेली असती.

लिफ्टची फ्रेम जाड आली होती, म्हणून लिफ्ट आणि तिच्या रेषेत दरवाजाही सरकवला होता. ड्रॉइंगमध्ये ते कुणी बदललंच नव्हतं... कुणी म्हणजे मी.

"काका, विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तुम्ही मला ड्रॉइंग दाखवलं असतं."

मी सही केली नाही. दारातून फोटो काढला, नवीन मापं घेतली आणि स्वतःची चूक कबूल करून आर्किटेक्टला मेल केला.

बुधवारी मंजुरी आली. काका दगडाच्याच गँगमध्ये आहेत, आणि वरच्या मजल्याची लॉबी आता त्यांना दिलीय.

प्लॅन नेहमी वरून काढतात... अशा जागेवरून, जिथे कुणीच उभं राहत नाही. सहा वर्षं मी तिथूनच बघत होते. सुधारलेल्या ड्रॉइंगमध्ये मी पहिल्यांदाच दारात एक छोटा माणूस काढला.

काकांना प्रिंट दाखवली. चष्मा वर करून त्यांनी दारातला तो माणूस शोधला.

"माझ्यापेक्षा उंच काढलाय," म्हणाले.

त्या जुन्या चित्रकाराचे आभार मानायला मला उशीर झालाय. काकांचे तिथल्या तिथे मानून घेतले.