सापडले : शून्य

इस्पितळाच्या तळमजल्यावर, चादरी धुण्याच्या खोलीला लागून काकांची खोली होती. वय बावन्न, पण त्यांच्याहून थोरले डॉक्टरसुद्धा त्यांना काकाच म्हणत. प्रयोगशाळेतून दर तासाला रक्ततपासण्यांची एक्सएमएल फाइल यायची, प्रत्येक आकडा आपापल्या टॅगमध्ये, म्हणजे नावाच्या उघडत्या-मिटत्या कंसांत, बसलेला. काकांचा प्रोग्रॅम त्यातून धोक्याचे आकडे तेवढे वेचायचा आणि त्या रोग्यांची नावं वॉर्डातल्या पडद्यावर लावायचा. कधी एखादा टॅग बंद करायचा राहिला, तर प्रोग्रॅम ओळ क्रमांकासकट बोंब मारायचा, आणि काका पाच मिनिटांत दुरुस्ती करून चहाला जायचे. अकरा वर्षं असंच चाललं होतं.

एका सोमवारी प्रयोगशाळेने नवं सॉफ्टवेअर बसवलं. काकांना कुणी कळवलं नाही. दुपारी वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरांनी फोनवर थट्टा केली, की पडदा सकाळपासून कोरा आहे, सगळे रोगी एकदम ठणठणीत झाले की काय. काकाही हसले. मग त्यांनी नोंदी पाहिल्या. फाइल आली, वाचली, सापडले : शून्य. एकही एरर नाही. मनात पाल चुकचुकली खरी, पण त्या दिवशी दोन प्रिंटर बंद पडले होते आणि तिकडून माणसं बोलवत होती. उद्या बघू, म्हणून ते उठले. मंगळवार प्रिंटरांतच गेला.

बुधवारी सकाळी सिस्टर स्वतः जिना उतरून आल्या. हातात एक कागद होता. मूत्रपिंडाच्या दुखण्याने भरती झालेली एक क्रीडाशिक्षिका पहाटे गेली होती.

"पोटॅशियमचा धोक्याचा आकडा काल दुपारीच आला होता, काका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पडद्यावर का नाही आला?"

काकांनी फाइल उघडली. पहिल्याच टॅगमध्ये एक नेमस्पेस नव्याने आली होती. म्हणजे आतल्या प्रत्येक टॅगला जणू आडनाव लागलं होतं, आणि काकांचा प्रोग्रॅम अजून नुसत्या नावाने हाका मारत होता. त्या हाकेला कुणीच ओ दिली नाही, आणि कुणी सापडलं नाही ही काही प्रोग्रॅमच्या लेखी चूक नव्हती. काकांनी क्वेरीत, म्हणजे शोधाच्या सूचनेत, नेमस्पेस घातली. दोन ओळींचं काम. सोमवारपासूनच्या फायली पुन्हा चालवल्या तशी चौदा नावं आली. त्या शिक्षिकेचं नाव नववं होतं.

इस्पितळाच्या साहेबांनी समजूत घातली, की दोष प्रयोगशाळेचा आहे, तुम्ही कशाला अंगावर घेता. काका म्हणाले, शून्य मी सोमवारीच पाहिलं होतं. घरी बायकोने विचारलं, त्या शिक्षिकेच्या मुलीला सांगून तिची आई परत येणार आहे का? तरी रविवारी ते तिच्या घरी गेले.

मुलगी एकटीच होती, विशीतली. दारात आईचे खेळाचे बूट तसेच होते. काकांनी खुर्चीच्या टोकावर बसून सगळं सांगितलं, काही न लपवता.

"तुम्ही सोमवारी बघितलं असतं तर?" शेवटी तिने विचारलं.

"तर डॉक्टरांना वेळेवर कळलं असतं. पुढचं मला सांगता येत नाही."

तिने उठून दार उघडलं. मग म्हणाली, "आता तुम्ही जा."

तिने तक्रार केली, आणि चौकशीत काकांनी प्रिंटरांसकट सगळं आपल्या हाताने लिहून दिलं. त्यांची बदली जुन्या कागदपत्रांच्या खोलीत झाली. जाण्याआधी त्यांनी प्रोग्रॅमला एक सवय लावून ठेवली. सलग सहा तास कुणीच सापडलं नाही, की वॉर्डातला फोन वाजतो. बहुतेक वेळा खरंच कुणी नसतं. नव्या सिस्टर वैतागतात, पण प्रयोगशाळेला फोन लावून खात्री करतात, मगच पुढच्या कामाला लागतात.